वाढत्या अंगाची सॅक

"मुलं दोन वर्षांत मोठी होतात, त्यांना ट्रेकसाठी चांगली सॅक कशाला?" असं एकांनी विचारलंय. माझा अनुभव वेगळा आहे.

सॅक उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर घ्यायची. मान खाली घातली की मागे जो मणका टचकन वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावा. माप जुळलं की बहुतेक वजन कमरपट्ट्यावर जातं, खांदे मोकळे राहतात. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक बरीच वर्षं पुरते. स्लीपिंग बॅग मात्र वाढत्या अंगाची घेऊ नका. आतली रिकामी हवा मुलाच्याच अंगाने तापवावी लागते आणि पाय गारठतात. घेतलीच असेल तर पायाकडचा भाग दुमडून बांधा.

मला स्वतःला जॅकेटांचा भारी सोस. रात्र रात्र वजनं, शिवणी, झिपा बघत बसते. यंदा ट्रेकच्या आधी लेकीची पाठ मोजली, तर ३६ची ४१ सेंटीमीटर झालेली. सॅकचे पट्टे शेवटच्या खाचेत गेले, त्याच्या वर खाचच नाही. खाली जिथे पट्टा आधी बसायचा तिथलं कापड अजून नव्यासारखं गडद आहे. मी त्यावर बोट फिरवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, या वेळी तंबू माझ्याकडे दे."

खांब तिला दिले, कापड मी घेतलं. जॅकेट अजून यादीतच आहे. राहू दे. आधी तिची पुढची सॅक.