कराडला बंद होणाऱ्या स्टुडिओतला याशिका मॅट १२४जी मिळतोय, घेताना काय काय बघू?

बारा_फ्रेमवाली

मंडळी मदत हवीये आणि जरा घाईने हवीये कारण रविवारीच जायचंय. मी पुण्यात असते, तीनेक वर्षं पस्तीस एमएम फिल्मवर फोटो काढतेय, ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुते. आजोळ कराडचं. तिथे मामाच्या ओळखीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होतोय, मुलं तिथे मोबाइलचं दुकान टाकणारेत, आणि कपाटात याशिका मॅट १२४जी (दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा) पडलाय, लेदरच्या केससकट. मालक म्हणतात चालू आहे, पण शेवटचा रोल कधी घातला होता विचारलं तर "झाली असतील पंधरा वर्षं" म्हणाले. बावीस हजार सांगितलेत.

मामाने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवलेत पण मामाचे फोटो म्हणजे अर्ध्यात त्याचं बोट आणि उरलेल्या अर्ध्यात टीव्हीचं रिफ्लेक्शन, त्यामुळे काहीच कळत नाहीये.

मी आजपर्यंत दोन लेन्सचा कॅमेरा हातातसुद्धा घेतलेला नाही. आमच्याकडे बाबांचा आग्फा क्लिक थ्री होता, त्याच्या चौकोनी निगेटिव्ह अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत, आणि खरं सांगायचं तर तो चौकोनच डोक्यातून जात नाहीये. तर दुकानात उभं राहून, मालक समोर बसलेले असताना, दहा-पंधरा मिनिटांत मी काय बघू शकते? आणि बावीस जास्त आहेत का?

कल्याण_स्लो

माझ्याकडे हाच आहे, सात वर्षं वापरतोय, एक घेताना फसलो आणि दुसरा नीट बघून घेतला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे डोक्यात पक्कं कर की वरची लेन्स फक्त बघायची, ८० एमएम २.८. फोटो खालची काढते, ८० एमएम ३.५, चार काचांची, आणि हिच्यासाठीच लोक हा कॅमेरा घेतात. वरच्या लेन्समध्ये बुरशी असली, चरे असले तरी फोटोला काही होत नाही, भाव पाडायला मात्र उपयोगी. खालच्या लेन्सला माफी नाही.

खालची लेन्स बघायला मोबाइलचा टॉर्च ने. शटर बी वर ठेव (म्हणजे बटण दाबून धरलं तोवर ते उघडं राहतं), अ‍ॅपर्चर (लेन्सच्या आतलं भोक) पूर्ण उघड, बाजूची चावी फिरवून शटर कॉक (सज्ज) कर, मग पाठ उघड आणि बटण दाबून धर. केबल रिलीज (बटण दाबून धरायची वायर) असेल तर घेऊन जा, नाहीतर मामाला दाबून धरायला सांग. आता पुढून तिरका टॉर्च मारायचा आणि मागून बघायचं. चार-दोन धुळीचे कण दिसतील, सोडून दे. कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा झाडाच्या मुळांसारखं पसरलेलं काही दिसलं तर ती बुरशी. कडेला नखाएवढी असेल तर साफ होते. पण बुरशी जुनी असली की कोटिंग खाते, वरची जाळी पुसली तरी तिचा ठसा काचेवर राहतो. आणि पूर्ण काच धुरकट दिसली, म्हणजे थंडीत चष्म्यावर वाफ येते तसं, तर तो आतल्या तेलाचा थर असू शकतो. तो बहुतेक वेळा निघतो पण खोलावं लागतं.

मग शटर. डोळ्यापेक्षा इथे कान लाव. एक सेकंदावर ठेव आणि मार. घर्रर्र असा एकसारखा आवाज येऊन शेवटी टक् व्हायला पाहिजे. मध्येच दम लागल्यासारखा आवाज मंदावला, किंवा टक् झालंच नाही आणि शटरची पाती उघडीच राहिली, तर तेल सुकलंय. पंधरा वर्षं पडून राहिलेल्यात हे होणारच, घाबरू नकोस, पण सर्व्हिसिंगचे पैसे त्याच्या किमतीतून वजा कर. एक, अर्धा, पाव, १/८, १/१५ सेकंद असं खालून वर जा. फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर मागून व्हिडिओ काढ, १/१५ ला पाती साधारण सोळा फ्रेम उघडी दिसली पाहिजेत, १/६० ला चार. १/५०० चं असं मोजता येत नाही, ते अर्ध्या फ्रेमचंच काम, आणि तसंही या वयात ५०० वर ठेवलं की प्रत्यक्षात तीनशे-साडेतीनशेच मिळतात. निगेटिव्ह फिल्म ते निमूट सोसते.

सेल्फ टायमरला हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच. माझा पहिला कॅमेरा मी विकणाऱ्याच्या समोर उत्साहात टायमर लावून जाम केला आणि मग लाजेखातर विकत घेतला.

चावी फिरवताना कुठे खरखरीत लागतंय का, मध्येच घसरतेय का बघ. या मॉडेलचा कमकुवत भाग म्हणजे ते वाइंडिंगचे गिअर. अडलं तर जोर करायचा नाही.

उजेड मोजायचा मीटर बंद असेल तर असू दे. पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. मी कर्णयंत्राचा ६७५ नंबरचा सेल रबरी वायसर घालून बसवतो, व्होल्टेज जवळपास तेच, फक्त स्टिकर काढला की दीड-दोन महिन्यांत संपतो. सेलच्या खणात हिरवं साचलंय का तेवढं बघ. आणि मीटर नाहीच चालला तर फोनमधलं अ‍ॅप आहेच.

सोळा_मेगापिक्सेल

बावीस हजारात चांगला सेकंडहँड डिजिटल येतो, वर क्रॉप करून चौकोन करता येतो 😀

कल्याण_स्लो

@सोळा_मेगापिक्सेल तुझं काम झालं, आता झोप.

हिशोबी_माणूस

बावीस जास्तच आहेत, पण चोरबाजारात मटण स्ट्रीटला उभं राहून बघ, तिथे याहून वाईट माल याहून महाग सांगतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी कधीमधी निघतो पण तिथे मला आजवर जे दिसले ते शोपीस म्हणून दिवाणखान्यात ठेवायच्या लायकीचे. जपानहून ऑनलाइन मागवायचा पर्याय आहे, वर्णन वाचताना सगळेच जवळजवळ नवे असतात, मग कस्टम भरायचं, आणि आला की कळतं "किंचित बुरशी, फोटोवर परिणाम नाही" हे खाली बारीक अक्षरात होतं. त्यापेक्षा समोर बसलेला माणूस बरा, कॅमेरा हातात घेऊन बघता तरी येतो.

माझा हिशोब असा: चालू, स्वच्छ, सर्व्हिस केलेला असेल तर वीसच्या आसपास द्यायला हरकत नाही. सर्व्हिस बाकी असेल तर ते पैसे वजा. आणि पूर्ण पैसे एकदम देऊ नकोस, अर्धे आत्ता, अर्धे पहिला रोल धुऊन आल्यावर, ओळखीतले आहेत म्हणजे ऐकतील.

मामिया सी३३० (तोही दोन लेन्सचाच) मिळाला तर लेन्सा बदलता येतात, पण तो खांद्यावर घेऊन फिरणं म्हणजे दळण घेऊन फिरणं. १२४जी किलोभर आहे, जमतं.

मिरजेचा_फोटोवाला

मी एकोणीसशे एकोणऐंशी सालापासून या धंद्यात. स्टुडिओत याशिका ६३५ होता, मग १२४जी घेतला, त्यावर किती लग्नं केली याचा हिशोब नाही. पोरी तुला दोन-तीन गोष्टी सांगतो ज्या वरच्यांनी सांगितल्या नाहीत.

स्टुडिओचा कॅमेरा म्हणजे टॅक्सी. मालक जपतो पण सीझनला हेल्परच्या हातात असतो. पहिलं बघ पुढची काच. आम्ही काय करायचो, लग्नात घाम, गुलाल, अक्षता, जेवणाचा वास, आणि लेन्स पुसायची सदऱ्याच्या टोकानं. त्यानं बारीक बारीक गोल चरे पडतात. समोरून बघून दिसत नाहीत, ट्यूबलाइटखाली तिरकं धर मग दिसतात. असले तरी घे, पण हूड लावून वापर, नाहीतर उन्हाकडे तोंड केलं की फोटो पांढरट येतो.

दुसरं, फ्लॅश. लेन्सच्या बाजूला एक्स आणि एम असा खटका आहे. एम जुन्या बल्बासाठी, आपल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्सच पाहिजे. एमवर राहिला तर फ्लॅश आधी उडतो आणि शटर नंतर उघडतं, सगळे फोटो काळे. माझा एक हेल्पर एका मुंजीचा रोल असाच घालवून बसला, त्या बटूचे आईवडील अजून रस्त्यात भेटले की आठवण काढतात. तर एक्सवर ठेवून फ्लॅश जोड, मागची पाठ उघडी ठेव, पांढऱ्या भिंतीकडे तोंड कर आणि मागून बघत मार. पूर्ण गोल उजळ दिसला की सिंक (फ्लॅश आणि शटरचा मेळ) बरोबर.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही लेन्स एकच बोलतात का. पडलेला कॅमेरा बाहेरून ठोकून सरळ करतात पण लेन्सची पट्टी वाकडी राहते, वरून शार्प दिसतं आणि फोटो मऊ येतो. ट्रेसिंग पेपरचा तुकडा घे, फिल्म जिथून सरकते त्या रुळांवर ताणून चिकटव. शटर बी वर उघडं धर, अ‍ॅपर्चर ३.५. लांबचा टॉवर किंवा देवळाचा कळस वरून फोकस कर, मग मागून कागदावर बघ. उलटं दिसेल, पण कळसाची धार तिथेही स्वच्छ पाहिजे. मग तीन-चार फुटांवर कॅलेंडर धरून तेच कर. भिंग असेल तर ने.

आणि पाठीच्या आतली प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी) १२ वर आहे का बघ. २४ वर असेल तर ती २२० च्या, म्हणजे चोवीस फोटोंच्या लांब रोलची जागा, त्या रोलला पाठीमागे कागद नसायचा. नेहमीचा बारा फोटोंचा १२० चा रोल घालताना सरकवून १२ वर आणायची.

आमच्या वेळी चौकोनी निगेटिव्ह का, तर तिच्यावर पेन्सिलनं रीटचिंग करता यायचं. मुलीच्या स्थळाचा फोटो असला की देवीचे व्रण निगेटिव्हवरच भरायचो, शिसपेन्सिल सुईसारखी टोकदार करून. पस्तीसच्या निगेटिव्हवर कुठं भरणार. असो.

बारा_फ्रेमवाली

काका, खूप खूप आभार 🙏 आणि @कल्याण_स्लो तुमचेही. जाऊन आले. अहवाल:

खालची लेन्स स्वच्छ, कडेला दोन ठिपके. वरच्या लेन्समध्ये बुरशीचं अख्खं झाड. लेदरची केस उघडल्यावरच जो वास आला त्यावरून अंदाज आला होता. काकांनी सांगितलेले चरे ट्यूबलाइटखाली बरोब्बर दिसले. मालकांना म्हटलं सदऱ्यानं पुसायचात का, तर ते आधी गप्प झाले आणि मग इतके हसले की त्यांच्या सुनेने आतून डोकावून पाहिलं.

१/३० पासून वर सगळं ठीक वाटतंय. १/१५ ला फोनवर सोळाऐवजी बावीस फ्रेम आल्या. पाव सेकंदाच्या खाली गेलं की पाती उघडून तशीच थांबतात, मग दोन-तीन सेकंदांनी आळस देत मिटतात. प्रेशर प्लेट २४ वरच होती! मालक म्हणाले शेवटची काही लग्नं २२० वर केली. ट्रेसिंग पेपरवर समोरच्या पाण्याच्या टाकीची शिडी वर-खाली दोन्हीकडे शार्प. फ्लॅशचा गोलही पूर्ण दिसला. पाठीच्या कडेचा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला.

चौदा हजारांवर ठरलं, आठ दिले, सहा रोल धुतल्यावर. घासाघीस मी केलीच नाही, पाव सेकंदाचं शटर त्यांच्या कानाजवळ धरून फक्त ऐकवलं. ते म्हणाले, "दमलंय बिचारं."

कल्याण_स्लो

चांगला सौदा. केस टाकून दे, भावनिक होऊ नकोस, बुरशी त्या चामड्यातच राहते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव. फोम घरी बदलता येतो, जुना स्पिरिट लावून खरवडायचा, फक्त चुरा आत लेन्सवर पडू देऊ नकोस. शटर मात्र स्वतः उघडायला जाऊ नकोस, व्हिडिओ बघून सोपं वाटतं.

मिरजेचा_फोटोवाला

सर्व्हिसिंगला देताना वरची लेन्सही साफ करायला सांग. फोटोला लागत नसली तरी तुला दिवसभर तिच्यातूनच बघायचंय.

बारा_फ्रेमवाली

महिन्याने येतेय, कॅमेरा दुरुस्तीला होता. शटर आणि वरची लेन्स मिळून साडेतीन हजार गेले. एक सेकंद आता एक सेकंद आहे, रात्री झोपताना उगीच एकदा मारून ऐकते.

पहिला रोल एचपी५ (ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) घातला, कराडलाच संपवला. पहिली फ्रेम मालकांची, दुकानाच्या पायरीवर, पाटी उतरवायच्या आदल्या दिवशी. त्यांनीच मला उजेडाकडे पाठ करून उभं केलं आणि स्वतः कुठे बसायचं तेही स्वतःच ठरवलं. उरलेले सहा हजार द्यायला गेले तेव्हा प्रिंट नेली. प्रिंट त्यांनी बाजूला ठेवली, आधी निगेटिव्ह मागितली, खिडकीला धरून बघितली आणि म्हणाले डावा गाल भरायला हवा होता.

एकच शंका. बाकी फ्रेमांमध्ये अंतर व्यवस्थित आहे पण पाचवी आणि सहावी जवळजवळ चिकटल्यात, मध्ये केसाएवढी रेघ उरलीये. परत दुरुस्तीला टाकू का?

मिरजेचा_फोटोवाला

रोल भरताना सुरुवातीला सैल गुंडाळला गेला असेल. बाणाची खूण जुळवताना कागद अंगठ्यानं ताणून धर. पुढच्या दोन रोलला परत तिथंच झालं तर बघू, तोवर पैसे घालू नकोस.

कल्याण_स्लो

+१. आणि त्या दोन फ्रेम कापताना कात्री जपून.

सोळा_मेगापिक्सेल

मालकांचा फोटो टाका ना इथे.

बारा_फ्रेमवाली

@सोळा_मेगापिक्सेल त्यांना विचारून टाकते. गाल भरून झाल्यावर.