मदत हवी आहे: रात्रीच्या वासाची नोंद नीट कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी, आम्ही नवी मुंबईत कोपरखैरणेला राहतो, एमआयडीसीच्या बाजूला. थंडी सुरू झाली की रात्री साडेअकरा-बाराला असा उग्र वास सुटतो, कधी सडक्या कोबीसारखा कधी नेलपॉलिशसारखा, की पटापट खिडक्या लावाव्या लागतात आणि सकाळी नऊला बघावं तर काहीच नाही. गार हवा खाली बसते आणि धूर वर जात नाही हे कळतं हो, पण आईला दमा आहे, तिचा पंप आता उशाशीच असतो.

समीर अ‍ॅप (हवा किती खराब ते दाखवणारं सरकारी अ‍ॅप) बघते पण एक्यूआयमध्ये, म्हणजे हवेच्या निर्देशांकात, पीएम २.५ (बारीक धूलिकण), ओझोन वगैरे ८ प्रदूषकं धरतात, सॉल्व्हंटची (थिनरसारख्या द्रावकांची) वाफ त्यात येतच नाही, त्यामुळे आकडा हिरवा आणि आम्ही नाकाला रुमाल लावून! एकदा तक्रार केली तर तपासणीला माणूस आला दुसऱ्या दिवशी दुपारी, तेव्हा कसला वास येतोय.

आता बिल्डिंगमधल्या सहा-सात घरांनी वही घातलीये, तारीख, वेळ, वास कसला, कोणाला खोकला-डोकेदुखी, आणि वारा कुठून (गच्चीवरच्या दोरीला ओढणी बांधलीये, हसू नका). अजून काय लिहायला हवं की तक्रारीत ते धरतील? आणि वास येत असतानाच पिशवीत हवा भरून लॅबला दिलीये का कोणी, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतावाली लॅब रात्री येते का, खर्च साधारण किती? तुर्भे, पावणे, रबाळेकडच्या लोकांनाही असाच त्रास असेल तर वेळा सांगा, जुळवून बघू.