कॅलिफोर्नियात १९९१ साली वारलेल्या काकांचा मृत्यूदाखला काउंटीकडून कसा मिळवायचा?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण थोडक्यात लिहिलं की दहा जण उलट दहा प्रश्न विचारतात, म्हणून सगळंच सांगते.

माझे धाकटे काका १९६८ साली शिकायला अमेरिकेत आले आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या एका मित्राने सगळे अंत्यविधी केले, आणि तो डिसेंबरात भारतात आला तेव्हा अस्थी सांगलीला घरी आणून दिल्या. सोबत काकांचं घड्याळ आणि एक तपकिरी स्वेटर. कागद एकही नाही. मागायचं कुणाला सुचलंही नाही तेव्हा. मित्राच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं.

आता अडचण अशी, की गावाकडच्या साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर बाबा, आत्या आणि काका अशी तिघांची नावं आहेत. आजी-आजोबा काकांच्या आधीच गेलेले. बाबा ७८ वर्षांचे आहेत, त्यांना वारसनोंदीचं काम हातपाय चालतात तोवर उरकायचंय. तलाठी म्हणाले, "आधी मृत्यूचा दाखला आणा, मग बोलू." त्यांचंही बरोबरच आहे.

मी न्यू जर्सीत असते. काका राहायचे तिथल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्डरकडे, जुन्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसकडे, टपालाने अर्ज केला, सोबत चेक. पाच आठवड्यांनी 'अशी नोंद आढळली नाही' असं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आलं. चेक मात्र वटला! माणूस गेल्याचा दाखला मागितला, तर तो गेल्याची नोंदच नाही याचा दाखला मिळाला. आता पुढे काय करू? साक्रामेंटोला राज्याच्या ऑफिसला लिहू का?

जुनं खोड:
चेक वटणारच. ती फी शोधायची असते, सापडायची नसते.

साक्रामेंटोची घाई करू नका. काका राहायचे त्या काउंटीत तुम्ही शोधलंत. नोंद होते ती माणूस जिथे वारला त्या काउंटीत. बे एरियात नऊ काउंट्या आहेत. राहतं घर एकीकडे आणि हार्टचं मोठं हॉस्पिटल दहा-बारा मैलांवर पलीकडच्या काउंटीत, हे तिथे अगदी नेहमीचं.

तर आधी एक फुकटचं काम करा. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या साइटवर खातं उघडा आणि 'कॅलिफोर्निया डेथ इंडेक्स' शोधा. त्यात १९४० ते १९९७ मधले मृत्यू आहेत, म्हणजे तुमचं १९९१ बसतं. तो दाखला नव्हे, नुसती यादी आहे. पण तारीख आणि काउंटी कळते, आणि आईचं माहेरचं आडनावही असतं. नाव शोधताना आपलं स्पेलिंग डोक्यातून काढून टाका. पहिली तीन-चार अक्षरं लिहून पुढे तारांकन (*) टाका.

कृष्णाकाठ:
जुनं खोड, सापडले हो!! काल रात्री साडेअकराला.

'दत्तात्रय'मधला एक टी गायब, आडनावात व्हीच्या जागी डब्ल्यू. मी आठवडाभर बरोबर स्पेलिंग टाकून शोधत बसले असते. जन्मस्थळापुढे फक्त 'अन्य देश'. हे आपलेच काका कशावरून, असं वाटत होतं. मग आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना दिसला. ते मलाच ठाऊक नव्हतं. भारतात सकाळ झाली होती, म्हणून लगेच बाबांना फोन लावला. "बाबा, आजीचं माहेरचं आडनाव काय?" तर म्हणाले, "आता कशाला?" आणि मग सांगितलं. जुळलं.

काउंटी खरंच पलीकडची निघाली. आता त्यांच्याकडे अर्ज करते.

देशस्थ परदेशस्थ:
थांबा, अर्ज तुमच्या नावाने करू नका.

कॅलिफोर्नियात दाखल्याच्या दोन प्रकारच्या प्रती मिळतात. एक अधिकृत, दुसरी नुसती माहितीपुरती. माहितीपुरती कुणालाही मिळते, पण तिच्यावर ठळक छापलेलं असतं की ओळख सिद्ध करायला हा कागद वैध नाही. हे वाक्य वाचल्यावर तलाठी ती प्रत दोन बोटांनी उचलून परत देतील. अधिकृत प्रत आईवडील, मुलं, नातवंडं, आजी-आजोबा, भावंडं, नवरा-बायको, वकील अशा ठरावीक लोकांनाच. पुतणी त्या यादीत नाही. आपल्याकडे काकांच्या मांडीवर लहानाचे मोठे होतो, तिथल्या फॉर्मवर पुतणीला रकानाच नाही.

सख्खा भाऊ आहे यादीत. म्हणून अर्ज बाबांच्या नावाने. टपालाने मागवायचं तर शपथपत्र नोटरी करून जोडावं लागतं. बाबा भारतात असतील तर मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत नोटरी होते. अपॉइंटमेंट घ्यावी लागते, एका शिक्क्याचे ५० डॉलर. महाग आहे, पण त्या शिक्क्यावर काउंटीवाले शंका काढत नाहीत.

डॅलसकर:
हे सगळं कॅलिफोर्नियाचं चाललंय, दुसऱ्या राज्यातल्यांनी जसंच्या तसं उचलू नका. अमेरिकेत देशभराचं एकच जन्म-मृत्यू ऑफिस नाही. आमच्या टेक्ससात मृत्यूची नोंद २५ वर्षांनी सगळ्यांना खुली होते. फ्लोरिडात दाखला कुणीही मागू शकतो, पण मृत्यूचं कारण ५० वर्षं झाकलेलं. कॅलिफोर्नियातसुद्धा मृत्यू या किंवा गेल्या वर्षातला असेल तर रेकॉर्डरकडे न जाता काउंटीच्या आरोग्य खात्याकडे जायचं.

आणि गुगलवर पहिल्या दिसणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या साइटवर पैसे भरू नका. बऱ्याचदा मधले दलाल असतात. तुमचाच अर्ज पुढे पाठवतात आणि वर आपली फी लावतात. मी एकदा हात पोळून घेतलेत.

कृष्णाकाठ:
बाबा बीकेसीला जाऊन आले. नको म्हणत होते, मग रात्रीच्या गाडीने निघाले, आतेभाऊ सोबत. फोन आत नेता येत नाही म्हणून आतेभाऊ बाहेर दोन फोन आणि डब्याची पिशवी धरून उभा. आत बाबांना उजवा हात वर करायला सांगितला. बाबा म्हणतात, "मी म्हटलं, माझा भाऊ होता एवढंच सांगायला शपथ कशाला?" पण घेतली. शिक्का बसला. कागद कुरियरने माझ्याकडे, माझ्याकडून काउंटीला.

एक प्रश्न. दाखल्यावरही स्पेलिंग तसंच चुकीचं असणार. ते दुरुस्त करून घेऊ का?

जुनं खोड:
मुळीच नको. तिथे दुरुस्ती म्हणजे मूळ नोंद बदलत नाहीत, मागे एक जादा पान जोडतात. महिने जातात आणि शेवटी तलाठ्यांपुढे दोन नावांचा दाखला ठेवायचा. त्यापेक्षा गावाकडे बाबा आणि आत्यांनी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करावं. आपल्याकडे अशी प्रतिज्ञापत्रं रोज होतात, ऑफिसात कुणी भुवई उंचावत नाही.

देशस्थ परदेशस्थ:
सहमत. आणि प्रती दोन मागवा. भारतात दाखवायचा तर दाखल्याला अपोस्टिल लागतं, म्हणजे त्यावरची सही खरी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. त्याचा कागद एका प्रतीला कायमचा जोडला जातो, दुसरी कोरी घरात राहू दे.

अपोस्टिल काउंटी करत नाही, कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस करतं. टपालाने साक्रामेंटोला पाठवायचं, दर कागदाला २० डॉलर, देश 'भारत' असं स्पष्ट लिहायचं, परतीचं पाकीट आत घालायचं. दाखल्यावर काउंटी रेकॉर्डरची सही असली की सरळ होतं. आरोग्य अधिकाऱ्याची असली तर आधी काउंटी क्लार्ककडून ती प्रमाणित करावी लागते, पण तुमचा दाखला जुना आहे, रेकॉर्डरचीच असेल. २००५ पासून भारत अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. कुणी एजंट 'दूतावासाचंही करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका.

कृष्णाकाठ:
शेवटचा अपडेट, कारण मी असे जुने धागे वाचते तेव्हा पुढे काय झालं ते कुणीच लिहीत नाही आणि मला राग येतो.

दोन्ही प्रती आल्या. त्यातली एक साक्रामेंटोहून अपोस्टिल होऊन आली, ती बाबांना पाठवली. तलाठ्यांनी मराठी भाषांतर मागितलं, ते सांगलीतच करून घेतलं. दाखला, भाषांतर, नावांचं प्रतिज्ञापत्र, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं एकत्र दिलं. फेरफार धरलाय, नोटिसा निघाल्यात. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत घेणार कोण, आत्या? आत्या तर रोज फोन करून विचारते, "झालं का गं?"

कोरी प्रत माझ्याकडे ठेवलीये. दाखल्यावर इतकं काही असतं याची मला कल्पनाच नव्हती. काय काम करायचे, किती वर्षं केलं, त्या काउंटीत किती वर्षं राहिले. दहन कुठे झालं तेही. माहिती देणाऱ्याच्या जागी त्या मित्राचं नाव, आणि नात्याच्या रकान्यात 'मित्र'.

आणि आईचं नाव. इंडेक्सवर फक्त आडनाव होतं, इथे पूर्ण आहे, माहेरचं. आजीचं सासरचं नाव लक्ष्मी, घरात सगळे तेच म्हणायचे. दाखल्यावर 'वेणू' लिहिलंय. बाबांना फोनवर वाचून दाखवलं तर ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ते नाव फक्त मामा घ्यायचे, तेसुद्धा आम्ही लहान होतो तेव्हा. त्या मित्राला हे कुठून कळलं असेल?