शब्दचर्चा : ‘फेटाळलं’ की ‘अडलं’?

१८ डिसेंबर २०१०, शनिवार. मी तेव्हा एका दैनिकाच्या परदेश पानावर रात्रपाळीला होते. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या आणि पुढे परवान्याविना तिथेच वाढलेल्या मुलांना कायदेशीर होण्याची वाट देणारं ‘ड्रीम’ विधेयक त्या दिवशी सिनेटमध्ये आलं होतं. दहा दिवसांपूर्वी खालच्या सभागृहाने ते २१६ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केलं होतं. सिनेटचा आकडा आला : बाजूने ५५, विरोधात ४१. मी मथळा दिला, ‘ड्रीम विधेयक सिनेटने फेटाळलं’. पान गेलं.

सोमवारी एका वाचकाचा फोन आला. गणिताचे निवृत्त शिक्षक होते. “पंचावन्न मोठे की एक्केचाळीस?” एवढंच विचारून ते गप्प राहिले. मी सांगितलं, तिथे ६० लागतात. ते म्हणाले, “कशाला लागतात? विधेयक मंजूर करायला की चर्चा थांबवायला?” मला उत्तर देता आलं नाही. बातमीत ते होतं, पण मी ते वाचून सोडून दिलं होतं. मतदान विधेयकावर झालंच नव्हतं, चर्चा आटोपून पुढे जायचं का, यावर झालं होतं. विधेयक कुणी फेटाळलं नाही. ते मतापर्यंत पोहोचलंच नाही.

त्या फोनपासून मी अमेरिकेच्या कायदेमंडळातल्या शब्दांसाठी एक वही ठेवली आहे. स्थलांतराच्या प्रश्नाने तिची निम्मी पानं भरली, कारण गेली पंधरा-वीस वर्षं त्या देशात हा वाद जितका धोरणाचा आहे तितकाच कामकाजाच्या नियमांचा आहे. त्यातल्या काही शब्दांवर इथे मतं हवी आहेत.

पहिला, फिलिबस्टर, म्हणजे सिनेटमध्ये चर्चा संपू न देता विधेयक रोखून धरणं. मराठीत याला सर्रास ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हणतात. एके काळी ते शोभलंही असतं : स्ट्रॉम थर्मंड १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलत उभे होते. पण आज बहुतेक वेळा कुणी उभंही राहत नाही. आमची चर्चा संपलेली नाही, एवढं कळवलं की पुरतं. मग चर्चा संपवण्याचा ठराव मंजूर करून घेण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते. १९१७ च्या नियमाप्रमाणे त्याला दोन तृतीयांश मतं लागत, १९७५ पासून तीन पंचमांश, म्हणजे १०० पैकी ६०. या ठरावाला आपल्या सभागृहातला ‘चर्चासमाप्तीचा प्रस्ताव’ हा रुळलेला शब्द चालतो. मूळ प्रकाराला काय म्हणायचं? मी ‘खोडा’ वापरते. पूर्वी कैद्याच्या पायात अडकवत तो लाकडी ठोकळा. माणूस जिवंत, पाय शाबूत, पण हलायची सोय नाही.

प्रतिसाद :
मूळ शब्द लुटारूंचा आहे. डचमधला ‘फ्रायबौटर’, त्याचा स्पॅनिश ‘फिलिबुस्तेरो’. एकोणिसाव्या शतकात खासगी फौजा घेऊन दुसऱ्याच्या देशात शिरणाऱ्या अमेरिकन साहसवीरांना हे नाव पडलं. त्यातला विल्यम वॉकर तर १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसला आणि १८६० मध्ये होंडुरासमध्ये गोळ्या घालून मारला गेला. सभागृहाचा वेळ लुटणाऱ्यांना पुढे तेच नाव चिकटलं. मग ‘पुंडाई’ का नको? अर्थही येतो, वंशही सांगता येतो.

मूळ लेखिका :
वंशासाठी ‘पुंडाई’ छान आहे. पण पुंड नियम मोडतो. हा नियमाच्या आधाराने चालतो. आपल्याकडे सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, घोषणा देतात, कामकाज तहकूब होतं. मराठी वाचक अडवणूक म्हटली की तेच डोळ्यांसमोर आणतो. सिनेटमधली अडवणूक अगदी शांत असते. सभागृह रिकामं, एक कारकून नावं पुकारतोय, आणि विधेयक हलत नाही.

प्रतिसाद :
मी बातम्या संपादित करतो. मथळ्याला जागा किती असते हे तुम्हाला माहीत आहे. ‘फेटाळलं’ लिहिलं की वाचकाला निकाल कळतो : कायदा झाला नाही. त्याच्या दृष्टीने कुठे अडलं याने काय फरक पडतो?

मूळ लेखिका :
फरक पडतो, आणि मी यावर ठाम आहे. स्थलांतराची चार विधेयकं बघा. २००७ मध्ये चर्चासमाप्तीला ४६ मतं मिळाली, विरोधात ५३. तिथे बहुमतच विरुद्ध होतं, ‘फेटाळलं’ म्हटलं तर मी भांडणार नाही. २०१० मध्ये ५५-४१, म्हणजे बहुमत बाजूने आणि तरी थांबलं. २०१३ मध्ये आठ सिनेटरांच्या गटाने बांधलेलं विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केलं, आणि खालच्या सभागृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते मताला घेतलंच नाही, कारण आपल्या पक्षातलं बहुमत बरोबर नसेल तर विधेयक आणायचं नाही असा त्यांच्याकडे पायंडा होता. ते धूळ खात पडलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांनी महिनोन् महिने वाटाघाटी करून आणलेला सीमेचा मसुदा ४९-५० वर थांबला. ट्रम्प यांनी विरोध केल्यावर रिपब्लिकन पक्षातले फक्त चौघे बाजूने उरले.

चार विधेयकांचे चार मृत्यू, चार वेगळ्या तऱ्हांनी. चौघांनाही ‘सिनेटने फेटाळलं’ म्हटलं तर ज्याने अडवलं तो सुटतो आणि ज्यांनी बाजूने मत दिलं त्यांच्यावरही आळ येतो. २०१३ चं तर सिनेटने मंजूर केलेलं होतं!

प्रतिसाद :
‘खोडा’वर हरकत. हा शब्द आधीच बाजू घेतो. खोडा घालणारा नेहमी वाईट. पण तिथे अल्पमतात असलेला पक्ष याला ढाल मानतो. सत्ता बदलली की दोन्ही पक्षांची भाषाही बदलते. नेमणुकांसाठीची ६० ची अट २०१३ मध्ये डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी काढली, सर्वोच्च न्यायालयासाठीची २०१७ मध्ये रिपब्लिकन मिच मॅकॉनेल यांनी. माझ्या आजोळच्या वाड्याच्या दाराला आतून अडसर होता. भिंतीतल्या खोबणीतून ओढून दोन्ही फळ्यांवर आडवा सरकवायचा. आतल्याला तो रक्षण वाटतो, बाहेरच्याला अडथळा. तो शब्द घ्या.

मूळ लेखिका :
हे पटलं. मी असाच अडसर सातारला पाहिला आहे, हाताला गुळगुळीत झालेला, सागाचा. वहीत ‘खोडा’ खोडून ‘अडसर’ लिहिलं. शिवाय ‘अडलं’ हे क्रियापद त्याच घरातलं, त्यामुळे ‘अडसर घातल्याने विधेयक अडलं’ असं वाक्य सहज होतं. आणि ६० हातांनी अडसर सरकतो, हेही वाचकाला सांगता येतं.

प्रतिसाद :
‘रिकन्सिलिएशन’ला एका ठिकाणी ‘सलोखा विधेयक’ वाचलं. बरोबर आहे का?

मूळ लेखिका :
अर्थ अगदी उलटा होतो. सलोखा दोन पक्षांत होतो. हा मार्ग तर दुसऱ्या पक्षाशी सलोखा झालेला नसतानाच वापरतात. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने ही सोय केली : जमाखर्च ठरलेल्या मर्यादेत बसवणाऱ्या विधेयकावर चर्चेचे तास बांधलेले असतात, त्यामुळे अडसर घालता येत नाही आणि साधं बहुमत पुरतं. आपण गणित सोडवल्यावर ताळा बघतो, बँकेच्या पुस्तकाशी आपल्या वहीचा ताळमेळ घालतो, तो हा अर्थ. ‘ताळमेळ विधेयक’ म्हणा.

याच ठिकाणी स्थलांतराचा खरा पेच आहे, म्हणून थोडं थांबते. सिनेटर बर्ड यांच्या नावाच्या नियमाप्रमाणे या विधेयकात फक्त पैशाच्या गोष्टी येऊ शकतात. धोरण मुख्य आणि पैसा नावापुरता, असं असेल तर ती तरतूद वगळावी लागते. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी लाखो लोकांना कायमच्या वास्तव्याची वाट देणारी तरतूद याच दाराने आणायचा प्रयत्न केला. सिनेटच्या नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी एलिझाबेथ मॅकडोना यांनी नाही म्हटलं. मसुदा बदलून आणला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा सौम्य करून आणला, डिसेंबरात तिसऱ्यांदा नाही. पुढे ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी ज्या विधेयकावर सही केली, तेही ताळमेळाच्याच मार्गाने, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० ने आलेलं होतं, उपाध्यक्षांचं निर्णायक मत धरून. त्यात सीमेवरची भिंत, स्थानबद्धतेच्या छावण्या आणि धरपकडीसाठी अब्जावधी डॉलर होते. पैसा हा पैसाच असल्याने मुख्य खर्चाला बर्ड नियम आडवा आला नाही. म्हणजे आजच्या नियमांत हाकलण्याचा खर्च ५१ मतांत मंजूर होतो आणि राहू देण्याचा हक्क द्यायला ६० लागतात. ‘सलोखा’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं, म्हणून मला त्या शब्दाची इतकी चीड आहे.

आणि मॅकडोनाबाईंचं पद. मराठीत त्यांना ‘संसदपटू’ म्हटलेलं मी पाहिलं आहे. आपल्याकडे संसदपटू म्हणजे सभागृह गाजवणारा सदस्य. त्या सदस्य नाहीत, निवडून आलेल्या नाहीत, २०१२ पासून नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी आहेत. ‘नियमसल्लागार’ लिहिलं की पुरे.

प्रतिसाद :
माझी भर : ‘टेबल करणे’. आपल्याकडे कागद ‘पटलावर ठेवले’ म्हणजे मांडले. अमेरिकेत ‘टेबल’ केलं म्हणजे बाजूला सारलं. सिनेटमध्ये दुरुस्ती टेबल झाली की ती संपली. शब्दशः भाषांतर केलं तर बातमी उलटी होते.

प्रतिसाद :
आणि ‘बायपार्टिझन’ला ‘द्विपक्षीय’ नको. द्विपक्षीय चर्चा दोन देशांत होते. ‘दोन्ही पक्षांचं’ म्हणा.

मूळ लेखिका :
दोन्ही घेतले. आता मला सगळ्यात जवळचा शब्द. ‘एकमताने’.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतातून अर्ज करणारे इतके की रांग हलत नाही. ही मर्यादा काढणारं विधेयक खालच्या सभागृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर केलं. मग डिसेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात इकडे बातमी आली : ‘सिनेटचीही एकमताने मंजुरी’. आईने सकाळी फोन केला. तिने कंदी पेढे आणवले होते, देवापुढे ठेवून शेजारी वाटूनही झाले होते. “शंभरच्या शंभर जणांनी हो म्हटलं ना गं?”

कुणीच हो म्हटलेलं नव्हतं. तो प्रकार असा असतो : एक सदस्य उठून म्हणतो, कुणाची हरकत नसेल तर हे मंजूर समजावं. हरकत आली नाही की मंजूर. मतं मोजली जात नाहीत. आणि हरकत घ्यायला एक माणूस पुरतो. आदल्या वर्षी सिनेटर डिक डर्बिन यांनी हरकत घेतली होती आणि तेवढ्याने ते थांबलं होतं. या वेळी बदल करून हरकती मिटवल्या होत्या. पण त्या बदलांमुळेच सिनेटचा मसुदा खालच्या सभागृहाच्या मसुद्यापेक्षा वेगळा झाला. दोन्ही सभागृहांचा एकच मजकूर झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांकडे काही जात नाही. ३ जानेवारी २०२१ ला त्या कायदेमंडळाची मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

‘एकमताने’ या शब्दाने आईला जे वाटलं, ते त्या घटनेत नव्हतं. ‘हरकत न आल्याने मंजूर’ असं छापलं असतं तर तिने निदान मला विचारलं असतं, म्हणजे काय?

प्रतिसाद :
हे वाचून वाईट वाटलं. ग्रामसभेत ‘कुणाची हरकत?’ विचारून ठराव लिहितात, तसंच हे. ‘विनाहरकत मंजूर’ चालेल. मथळ्यात बसतं.

मूळ लेखिका :
चालेल. ‘एकमताने’पेक्षा ‘विनाहरकत’मध्ये एकच अक्षर जास्त.

प्रतिसाद :
तुम्ही सुरुवातीला ‘परवान्याविना’ लिहिलंत. सरळ ‘घुसखोर’ का नाही? बेकायदा ते बेकायदा.

मूळ लेखिका :
‘बेकायदा वास्तव्य’ म्हणायला माझी हरकत नाही, ते खरं आहे. ‘घुसखोर’वर आहे, कारण तो शब्द माणूस कसा आला याविषयी दावा करतो. अमेरिकेत परवान्याविना राहणाऱ्यांत बरेच जण विमानतळावर शिक्का मारून घेऊन आलेले आहेत. व्हिसाची मुदत संपली आणि ते राहिले. ते घुसले कुठे? तिथला कायदाही दोन्हींत फरक करतो : चोरून सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा, मुदतीनंतर राहणं हा दिवाणी स्वरूपाचा भंग. आणि ड्रीम विधेयक सोळा वर्षांच्या आत आलेल्यांसाठी होतं. आईच्या कडेवर सीमा ओलांडलेल्या मुलाला मी घुसखोर लिहिणार नाही.

‘एलियन’ हा तिथल्या १९५२ च्या कायद्यातला शब्द, त्याला ‘परकीय’ पुरेसा आहे. ‘एलियन’ तसाच ठेवला तर आपला वाचक थेट परग्रहावर जातो.

प्रतिसाद :
आणि ‘अॅम्नेस्टी’? ‘माफी’ की महाराष्ट्र सरकारच्या थाटात ‘अभय योजना’?

मूळ लेखिका :
अभय योजनेत थकबाकीदार काहीतरी भरतो आणि दंडातून सुटतो, त्यामुळे १९८६ च्या कायद्याला हा शब्द बराच जवळचा आहे. रेगन यांनी सही केलेल्या त्या कायद्याने सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले, आणि ‘अॅम्नेस्टी’ म्हणायला स्वतः रेगन कचरत नव्हते. पुढे तो शब्द विरोधकांचं हत्यार झाला. २०१३ च्या विधेयकात दंड होता, कर होता, नागरिकत्वापर्यंत तेरा वर्षांची वाट होती. तरी विरोधक त्याला माफी म्हणत आणि समर्थक म्हणत, ही कमावलेली वैधता. अशा ठिकाणी मी शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी ठेवते : ‘विरोधकांच्या मते ही माफी’.

‘इमिग्रेशन रिफॉर्म’ला मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. ‘सुधारणा’ आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘सुधारणा विधेयक’ म्हणजे नुसता कायद्यात बदल. आणि दुसरी सुधारणा आगरकरांची, ज्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. तिथे बदल चांगलाच असतो. ‘स्थलांतर सुधारणा’ वाचताना कुठली घ्यायची? मी सध्या ‘स्थलांतर कायद्यात फेरबदल’ लिहिते. ‘फेरबदल’ने मंत्रिमंडळ आठवतं हे मान्य. कुणाकडे याहून बरा शब्द असेल तर द्या.

प्रतिसाद :
तो २०१० चा मथळा आज पुन्हा द्यायचा असेल तर कसा द्याल?

मूळ लेखिका :
‘५५ मतं मिळूनही ड्रीम विधेयक अडलं, अडसर काढायला हवी होती ६०.’ एका स्तंभात बसत नाही. दोन स्तंभ मागेन.