जॅझ ट्रिओ, चेंबर म्युझिक: मराठीत काय लिहावं?

प्रश्न : अमेरिकन वादक-रचनाकार जिमी जुफ्री यांच्या १९५६ सालच्या जॅझ ट्रिओचा परिचय लिहितेय. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवर जुफ्री, गिटारवर जिम हॉल, बासवर राल्फ पेन्या. ‘ट्रिओ’ला त्रिकूट म्हणावं की त्रयी? आणि ‘चेंबर म्युझिक’ला ‘बैठकीचं संगीत’ चालेल का?

उत्तर : त्रयीच. त्रिकूट म्हटलं की मित्रांचं टोळकं डोळ्यांपुढे येतं आणि तिकडी फिरकी गोलंदाजांची. त्रयीत तीन वेगळ्या गोष्टी मिळून एक पूर्ण होते. प्रस्थानत्रयी म्हणतो ते त्याच अर्थानं.

‘बैठकीचं संगीत’ मात्र नको, असं माझं ठाम मत आहे. लहान दालन, मोजके श्रोते, एवढं साम्य खरं. पण आपल्या बैठकीत मुख्य कलाकार एक आणि बाकीचे साथीला. युरोपातल्या चेंबर संगीतात प्रत्येकाची ओळ वेगळी, ती एकट्यानंच वाजवायची आणि समोर संचालक नाही. जुफ्रींनी हीच रीत जॅझमध्ये आणली आणि ड्रम्स बाजूला ठेवले. ठेका धरायला वेगळं कुणी नाही, त्यामुळे लय तिघांनी मिळूनच सांभाळायची. या त्रयीची ‘द ट्रेन अँड द रिव्हर’ ही रचना जरूर ऐका. एकाच रचनेत जुफ्री क्लॅरिनेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन आलटून-पालटून घेतात. यात साथ कोणाची म्हणायची? १९५८ मध्ये तर बासही गेला आणि बॉब ब्रुकमायर यांचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन (झडपांचं पितळी फुंकवाद्य) आला. म्हणून ‘चेंबर’ तसंच राहू द्या. ‘कक्षसंगीत’ वाचताना अडखळायला होतं.

प्रश्न : पटलं. ‘द ट्रेन अँड द रिव्हर’बद्दल ‘लोकधुनेवर आधारित’ असं लिहिलंय, ते ठेवू?

उत्तर : बदला. ही रचना जुफ्रींची स्वतःची आहे, आणि लोकधून म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल. साधी, सहज गुणगुणता येणारी सुरावट आणि ब्लूजचं (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचं) अंग, असं या रचनेचं रूप आहे. ‘लोकसंगीताच्या वळणाची’ म्हणा. ‘लोकसंगीताचा प्रभाव’ म्हणणंही चुकीचं नाही, पण ‘प्रभाव’ हा शब्द हल्ली कशालाही लावतात.

आणखी एक वाचक : माझी थोडी भर. त्रयी स्त्रीलिंगी, एकवचनी. ‘ही त्रयी वाजवते’ बरोबर. वादक म्हणून उल्लेख असेल तेव्हा सरळ ‘तिघे वाजवतात’ लिहावं. ‘त्रयी वाजवतात’ हल्ली छापून येतं, पण कानाला खटकतं.