जुन्या डेस्कटॉपांचे राउटर: एकच लॅन पोर्ट पुरेल का?

प्रश्न:
माझ्याकडे वापरातून बाद झालेले तीन डेस्कटॉप आहेत. तिन्हींत ४ जीबी रॅम आहे आणि लॅन पोर्ट मदरबोर्डवरचा एकेकच आहे. त्यांचे राउटर करून ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत माहिती देऊन-घेऊन मार्ग ठरवण्याची पद्धत) शिकावे, एखादा मार्ग तुटल्यावर बाकीचे राउटर दुसरी वाट कशी शोधतात ते पाहावे, असा विचार आहे. मात्र या प्रयोगांपायी घरचे इंटरनेट बंद पडता कामा नये. ओपीएनसेन्स (फायरवॉल-राउटरसाठीची तयार प्रणाली) टाकावे की साधे लिनक्स? जादा कार्डे घ्यावीच लागतील का?

पहिला प्रतिसाद:
राउटिंगच शिकायचे असेल तर साधे डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि त्यावर एफआरआर (ओएसपीएफसारख्या राउटिंग पद्धती चालवणारे सॉफ्टवेअर) घ्यावे, असे माझे मत आहे. ओपीएनसेन्स उत्तमच आहे, पण त्याचा पिंड फायरवॉलचा. बाहेरच्या पोर्टवर खासगी पत्त्यांवरून आलेली पॅकेट्स ते मुळातच अडवते, आणि लॅबमध्ये सगळेच पत्ते खासगी असल्याने दोष राउटिंगचा की नियमाचा, हे नवशिक्याला उमगत नाही. लिनक्समध्ये मुळात बंद असलेले आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवर आलेली पॅकेट्स दुसऱ्यावरून पुढे पाठवणे) सुरू केले आणि एफआरआरच्या डीमन फाइलमध्ये (कोणत्या सेवा चालवायच्या त्याच्या यादीत) ओएसपीएफसमोरचे ‘नो’ बदलून ‘येस’ केले, की राउटरचा सांगाडा उभा राहतो. प्रोसेसर ६४-बिट असल्याची खात्री आधी करावी, कारण डेबियन १३ पासून ३२-बिट पीसींसाठी इन्स्टॉलर मिळत नाही.

कार्डांविषयी सांगायचे तर, साध्या पीसीआय बसची (जुन्या मदरबोर्डवर कार्डे जोडणाऱ्या सामायिक वाहिनीची) क्षमता सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम एक गिगाबिट, आणि तीही सर्व कार्डांत वाटलेली असते. दोन्ही कार्डे त्याच बसवर असतील तर प्रत्येक पॅकेट तिच्यावरून आत येताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा जाते, त्यामुळे गिगाबिटचा निम्मा वेगही मुश्किलीने मिळतो. शिकण्यापुरते त्याने काही बिघडत नाही. १०० मेगाबिटची कार्डेही चालतील.

दुसरा प्रतिसाद:
व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) हाताळणारा मॅनेज्ड स्विच असेल तर एका पोर्टवरही भागते. राउटरांच्या प्रत्येक जोडीला वेगळा व्हीलॅन दिला की त्रिकोण तयार होतो. पण आपल्याला जे पाहायचे आहे, नेमके तेच तिथे नीट दिसत नाही. दोन राउटर थेट केबलने जोडलेले असताना ती उपटली, तर दोन्हीकडचे पोर्ट तत्क्षणी खाली जातात आणि ओएसपीएफ लगेच नवा मार्ग काढते. मध्ये स्विच असेल तर एका बाजूची केबल काढली तरी पलीकडच्या राउटरचा स्विचशी असलेला दुवा शाबूत राहतो, आणि शेजारी गेल्याचे त्याला हॅलो पॅकेट्स (आपण सुरू असल्याची शेजाऱ्याला ठरावीक वेळाने दिलेली खूण) येईनाशी झाल्यावरच कळते. इथरनेटवर ही मुदत सहसा ४० सेकंदांची असते. शिवाय दोन्ही व्हीलॅन एकाच केबलवर असल्यामुळे ती काढताच एक मार्ग नव्हे, तर अख्खा राउटरच तुटतो.

म्हणून त्रिकोणाच्या तिन्ही बाजू थेट केबलच्या असाव्यात. त्यासाठी प्रत्येक डेस्कटॉपला एक जादा कार्ड आणि घरच्या राउटरशी जोडायच्या डेस्कटॉपला आणखी एक, एवढे पुरेल. स्विच हाताशी असेल तर दोन्ही प्रकार लागोपाठ करून पाहावेत. ४० सेकंद पिंग अडकून पडलेले पाहिले की टायमर म्हणजे काय ते पक्के डोक्यात बसते.

तिसरा प्रतिसाद:
वरील मतांशी सहमत आहे, तरी विजेचाही विचार व्हावा. एफआरआरच्या आज्ञा शिकण्यापुरते एकाच डेस्कटॉपवर नेटवर्क नेमस्पेस (लिनक्समधले एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नेटवर्कचे कप्पे) करून तिन्ही राउटर चालवता येतात. केबल उपटण्याचे प्रयोग असतील तेव्हाच तिन्ही डेस्कटॉप सुरू करावेत. ते मॉनिटर-कीबोर्डशिवाय ठेवायचे असतील तर बायोसमध्ये कीबोर्ड नसल्यास थांबण्याची सूचना बंद करावी, नाहीतर काही जुने मदरबोर्ड तिथेच अडून बसतात.

घरच्या इंटरनेटबाबत दोनच पथ्ये आहेत. लॅबला घरापेक्षा वेगळी पत्तामालिका द्यावी आणि घराकडच्या पोर्टवर नॅट करावे (लॅबचे पत्ते बाहेर जाताना त्या पोर्टच्या पत्त्यात बदलावेत), म्हणजे घरच्या राउटरला हात लावावा लागत नाही. आणि लॅबची डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी) सेवा त्या पोर्टवर चुकूनही सुरू नसावी, अन्यथा घरातले फोन लॅबकडून पत्ते घेऊ लागतील.