निवडून आलेल्या सरकारला कोर्टानं का अडवायचं?

धरमपेठ_एलएलबी: दुसऱ्या वर्षाला आहे. मामा म्हणतात, लाखो लोकांनी निवडलेल्या सरकारला थांबवणारे दोन न्यायाधीश कोण? अनुच्छेद १३ (मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा रद्द) आणि २२६ (हायकोर्टाचा रिटचा अधिकार) पाठ आहेत, पण मामांना पटेल असं काही सुचलं नाही.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील: कलमं ठेव बाजूला. मामांना २४ मार्च २०२५ आठवतो का विचार. आपल्या नागपुरातल्या दंगलीतल्या आरोपींशी संबंधित दोन घरांवर महापालिकेचा बुलडोझर गेला होता. १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय घर पाडू नका, असं सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर २०२४ लाच सांगून ठेवलेलं. त्या निकालातले न्या. भूषण गवई आपल्याच, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले. आपल्या खंडपीठानं त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर एक घर भुईसपाट झालं होतं.

आता बघ, पोरा. कोर्टानं आरोपी निर्दोष आहेत म्हटलं का? बांधकाम कायदेशीर आहे म्हटलं का? नाही. विचारलं इतकंच की घरवाल्यांची बाजू ऐकली का. रिटमध्ये, म्हणजे सरकारी कृतीविरुद्धच्या हायकोर्टातल्या याचिकेत, मुख्यतः हेच बघतात: अधिकार होता का, रीत पाळली का, मनमानी झाली का. धोरण शहाणपणाचं की खुळं, हे मतदारांनी ठरवावं.

वर्धा_रोड: घर पडल्यावर आलेली स्थगिती काय कामाची भाऊ? आणि आणीबाणीत कोर्टानं काय दिवे लावले?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील: पडलेल्या घराला ती उपयोगी नाही, हे खरंच. दुसऱ्या घराचं पाडकाम मात्र तिच्यामुळेच थांबलं, आणि पुढे आयुक्तांना कोर्टाची माफी मागावी लागली.

आणीबाणीचं म्हणाल, तर मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबून ठेवायच्या कायद्याखाली, डांबलेल्यांच्या याचिका ऐकता येतात असं म्हणणाऱ्या हायकोर्टांत आपलं नागपूर खंडपीठ होतं. मला त्याचा फार अभिमान आहे. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ अशा बहुमतानं ते सगळं फिरवलं. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. दुरुस्ती आधी केली ती संसदेनं: १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चे हक्क गोठवता येत नाहीत. कोर्टानं स्वतः तो निकाल मोडीत काढायला २०१७ उजाडलं. संसदेची चूक कोर्ट पकडतं तशी कोर्टाची संसदेनं निस्तरली, हे मामांना नक्की सांग.

धरमपेठ_एलएलबी: सर, खन्नांचं भिन्नमत वाचायला जमेल का मला?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील: जमेल. लांबलचक आहे, पण मुळातूनच वाच, गाइडवर भागवू नको. अडलं तर इथंच विचार.